धोटा आणि दहाव्याचा शब्द

पाहुण्याने अंबादासच्या बायकोला फसवलं, मुलीला फसवलं आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या सगळ्या लहान कारखानदारांना फसवलं. मलाही फसवलं, पण माझा नंबर शेवटचा. पाहुण्याचं खरं नाव मी लिहून दिलं होतं. या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "बिरूशेठ, वकिलाची नोटीस आली तर अंक बाजूला राहील." म्हणून पाहुणा म्हणतो. तो पुण्याचा आहे, तरुण आहे, गोड बोलतो, आणि हा अंक त्याच्या घरी पोहोचेल याची व्यवस्था मी केलेली आहे.

माझा धंदा जुनी जॅकार्ड घेण्या-विकण्याचा. जॅकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेलं यंत्र. चादरीवर मोर उमटायचा असेल तर कोणता धागा कधी वर उचलायचा, हे ते ठरवतं. पूर्वी त्यासाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ मागावर फिरायची. आता तिथे एक इलेक्ट्रॉनिक पेटी असते. मोराचं चित्र कॉम्प्युटरवर काढायचं, त्याची फाइल करायची, पेनड्राइव्हवर घालून पेटीत खोचायची. माग सुरू.

गोम आहे ती फाइल करण्यात. प्रत्येक कंपनीच्या पेटीला तिची तिची फाइल लागते आणि ती करणारा प्रोग्रॅम कंपनीचाच, कुलूपबंद. कंपनी बुडाली किंवा तिने जुना माल सोडून दिला की धडधाकट पेटी भंगारात जाते. अशा पेट्या मी सुरत, मालेगाव, इचलकरंजीहून भंगाराच्या भावात आणायचो आणि इथे चालू करून विकायचो. लोक म्हणायचे, बिरूच्या हाताला गुण आहे. हाताला काही नव्हतं. मला अंबादास ठाऊक होता, एवढंच.

अंबादास विणकराचा मुलगा. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. वडिलांच्या मागावरची पेटी अशीच मुकी झाली तेव्हा त्याने चिडून स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला आणि नाव ठेवलं 'धोटा'. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. पुढे लोक आपापल्या पेट्या त्याच्याकडे आणत गेले, तो एकेका पेटीची भाषा शिकत गेला. शेवटी असं झालं की जुनी पेटी कोणत्याही कंपनीची असो, धोटा तिच्याशी बोलायचा. हे सगळं त्याने नेटवर उघड्यावर ठेवलं होतं. ज्याला पाहिजे त्याने घ्यावं, आत कसं लिहिलंय ते वाचावं, पाहिजे तर बदलावं. पैसे द्यायचे नाहीत, परवानगी मागायची नाही. फक्त त्याचं नाव राहू द्यायचं.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं. मी सांगोल्याकडचा, धनगराचा पोरगा. वडिलांबरोबर मेंढरांच्या बाजारात वाढलो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर टॉवेल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. मी अंबादासच्या घरी गेलो, टेबलावर टॉवेल पसरला आणि खालून त्याचा हात धरला. धोटा मला विकत पाहिजे होता.

त्याने हात झटकला. "गुदगुल्या होतात बिरूशेठ! आणि विकायचंच न्हाई तर बोटं कशाला धरताय?"

"सगळ्यांना फुकट देतोस, मग मला एकट्याला विकत दे की."

"सगळ्यांचं आहे ते एकट्याला कसं विकू? बसा, चहा घ्या."

पुढे अनेक वर्षं मी टॉवेल घेऊन जात राहिलो आणि चहा पिऊन परत येत राहिलो. भांडणंही लई झाली. एकदा चिडून मी विचारलं, "उद्या तू गेलास तर ह्याचं काय?" तो माझ्याहून जास्त चिडला. "मला आत्ताच पोचवता का?" त्याची बायको पद्मावहिनी आतून म्हणाल्या, "असलं बोलू नये वो तिन्हीसांजेला." विषय तिथेच मिटला. दुकान असो, शेत असो, आम्ही विचारतो की मागे कोण. प्रोग्रॅमला मागे कोणी लागतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

इथे बाहेरच्या माणसासाठी एक गोष्ट सांगायला हवी. धोटा सगळ्यांचा होता हे खरं, पण तो जिथे ठेवलेला होता त्या जागेची किल्ली एकट्या अंबादासकडे होती. नेटवर 'धोटा' शोधलं की लोक त्या एका जागी जायचे. तिथे नवं काय चढवायचं, काय काढायचं, हे किल्लीवाला ठरवणार. एवढंच नाही. कारखान्याकारखान्यातल्या कॉम्प्युटरवरचा धोटा त्या जागेवर नवीन काही आलं की आपोआप तेच उचलून घ्यायचा. म्हणजे किल्ली ज्याच्या हातात, त्याचा हात सगळ्यांच्या मागापर्यंत. अंबादास होता तोवर याची भीती कुणाला वाटली नाही.

पाहुणा धोट्यात दुरुस्त्या पाठवायचा. लांबून, ओळख नसताना. काम चांगलं असायचं, ते मी नाकारत नाही. अंबादास त्याचं काम घ्यायचा, पण किल्ली त्याने दिली नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "हुशार हाय की. पण एक विचारलं तर दुसऱ्याचंच उत्तर देतो."

मार्गशीर्षात अंबादास गेला. वर्गात शिकवता शिकवता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी आयुष्यात फार रडलो नाही, त्या दिवशी रडलो. आणि खोटं कशाला बोलू, रडतानाच मनात धंद्याचाही विचार होता.

दहाव्याला पाहुणा पुण्याहून गाडी करून आला. त्याला पहिल्यांदाच बघत होतो. पांढरा कुर्ता, हातात हार. घाटावर पिंड ठेवले. अंबादासला आवडायची म्हणून शेजारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली, ग्लासात चहा ठेवला. कावळे लिंबावर होते. एकही खाली येईना.

अंबादासचे थोरले भाऊ राजेशमअण्णा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "बाबू, श्रावणीचं लग्न थाटात करतो. घोर लावून घेऊ नको." श्रावणी म्हणजे अंबादासची एकुलती मुलगी. ती एका लॅबमध्ये नोकरी करते. कावळा हलला नाही. पद्मावहिनी म्हणाल्या, "घराचं मी बघते, तुम्ही जावा आता." कावळा हलला नाही. ऊन चढायला लागलं. कुणीतरी हळूच म्हणालं, जीव धोट्यात अडकला असंल. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "अंबादास, धोटा मी बंद पडू देणार न्हाई!"

फांदीवरच्या कावळ्याने माझ्याकडे पाठ केली. अण्णा म्हणाले, "बिरूशेठ, वरडू नका, उडंल की तो."

तेव्हा पाहुण्याने बूट काढले. पुढे आला, डोळे मिटले आणि म्हणाला, "सर, धोटा कायम खुला राहील. सगळ्यांसाठी. आणि तुमच्या घरच्यांना विचारल्याशिवाय त्यात काही होणार नाही. हा माझा शब्द."

तेवढ्यात भटजी ओरडले, "मागे सरा हो, सावली पडतेय पिंडावर." आम्ही सगळे मागे सरलो आणि कावळा खाली आला. भाकरीचा तुकडा चोचीत धरून गेला. पद्मावहिनींना हुंदका आवरेना. अण्णांनी पाहुण्याचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले.

माझं म्हणणं आजही तेच आहे. कावळा शब्दाला आला नाही, गर्दी मागे सरली म्हणून आला. पण हे मी तिथे बोललो असतो तर मला घाटावरच धुतला असता.

घरी जेवणं झाली. पाहुण्याने लॅपटॉप उघडला. "काकू, सरांच्या मोबाइलवर काही आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा. म्हणजे सरांच्या खात्यातून धोटा पुढे चालू ठेवता येईल." अंबादासचा फोन देवाजवळ, फोटोसमोर ठेवलेला होता. वहिनींनी चष्मा लावला. घरची भाषा तेलुगू, म्हणून आकडे त्यांच्या तोंडी तेलुगूत येतात. त्या तेलुगूत वाचत होत्या, श्रावणी मराठीत सांगत होती, पाहुणा बोटाने दाबत होता.

"थांबा!" मी म्हणालो. "दोन किल्ल्या करायच्या. एक तुझ्याकडे, एक श्रावणीकडे."

"हो काका, नक्की."

"जुन्या पेट्या चालल्या पाहिजेत. एकसुद्धा काढायची न्हाई."

"नक्की."

"फुकटच राहिलं पाहिजे."

"अर्थात काका."

मी आयुष्यभर सौदे केले आहेत. माणूस अडतो, हटतो, निम्म्यावर येतो. जो माणूस काहीच न ओढता सगळ्याला हो म्हणतो, त्याला जे पाहिजे ते आधीच मिळालेलं असतं. मी म्हणालो, "मग हे सगळं कागदावर लिहून सही कर."

पाहुण्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो अण्णांकडे बघत राहिला. आणि अण्णा माझ्यावर उखडले. "बिरूशेठ, कावळा शिवला की वो! दहाव्याला दिलेल्या शब्दावर तुमचा कागद? तुमचा शब्द त्याने घेतला न्हाई म्हणून पोटात दुखतंय का?"

चारचौघांत असं ऐकून घेण्याची मला सवय नाही. मी ताट सरकवलं आणि निघालो. चिडून निघालो म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं नाही. श्रावणीने नंतर सांगितलं की किल्ली गेली, आणि दुसरी किल्ली तिला 'प्रोसेस पूर्ण झाली की' मिळणार होती. त्या प्रोसेसची ती अजून वाट बघते आहे.

गुढीपाडव्यानंतर लग्नसराईच्या चादरी-टॉवेलांची घाई असते. ऐन त्या दिवसांत सकाळी इरफानभाईंचा फोन आला. आठ मागांचा त्यांचा कारखाना. सगळ्या पेट्या माझ्याकडून घेतलेल्या.

"बिरूशेठ, जल्दी आव. सब बंद पड्या."

मी पोहोचलो तर शेडमध्ये शांतता. ज्याने मागाचा कारखाना चालू असताना ऐकला नसेल त्याला ही शांतता कळणार नाही. तिथे कामगार एरवी एकमेकांशी हातवारे करून बोलतात, इतका खडखडाट असतो. त्या दिवशी पंख्याचा आवाज ऐकू येत होता. कॉम्प्युटरवर धोटा उघडला होता, पण वेगळ्याच रंगाचा. खातं उघडा म्हणत होता. खातं उघडलं तर पैसे मागत होता. आणि पेट्यांच्या यादीत आमच्या जुन्या पेट्या नव्हत्याच. खाली एका कंपनीचं नाव होतं, जी नव्या पेट्या विकते. 'आपली पेटी जुनी झाली आहे. नवी घेण्यासाठी इथे दाबा.'

इरफानभाई म्हणाले, "तुम तो बोले थे, ये मरनेवाला चीज नहीं."

दुपारपर्यंत दत्तनगर, साईबाबा चौक, सगळीकडून तेच फोन. एकाने तर मला शिवी दिली. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली असती. पेट्या मी विकल्या होत्या.

नशीब एवढंच की चालत्या यंत्राला हात न लावण्याची माझी खोड. माझ्या दुरुस्तीच्या पिशवीतल्या पेनड्राइव्हवर अंबादासच्या हातचा जुना धोटा तसाच होता. मी शेड शेड फिरलो. एकेक कॉम्प्युटर नेटवरून तोडायचा, नवा धोटा काढायचा, जुना घालायचा. मालक दारात उभा, कामगार उभे, व्यापाऱ्याचा फोन वाजतोय, आणि मी प्रत्येक बटण दोनदा वाचून दाबतोय, कारण हे काम अंबादासचं होतं, माझं नव्हतं. इरफानभाईंचा पहिला माग खडखडला तेव्हा मी तिथेच पोत्यावर बसलो.

मग पाहुण्याला फोन लावला. त्याने उचलला, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

"काका, मी काहीही बेकायदेशीर केलेलं नाही. सरांचं लायसन्स वाचा. कोणीही घ्या, बदला, विका, असंच लिहिलंय."

"मग घ्यायचं होतं आणि वेगळ्या नावाने विकायचं होतं. अंबादासची जागा, अंबादासचं नाव, ते कुठल्या लायसन्सात बसतं?"

"ते मला हँडओव्हर झालं."

"घाटावर काय म्हणालास?"

"तो भावनिक क्षण होता, काका."

मी काय काय बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. तो ऐकत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी सरांकडून वर्षानुवर्षं फुकट घेतलं. तुम्ही त्यावर धंदा उभा केला. सर गेल्यावर रोजचं काम कोण करणार, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं? मी केलं. मला पगार नको?"

यात खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. पगार माग की! घाटावर सगळ्यांसमोर माग. इथले कारखानदार कंजूष आहेत, मी त्यांच्याहून कंजूष आहे, पण आम्ही भांडून का होईना काहीतरी ठरवलं असतं. तू मागितलं नाहीस. तू टॉवेलखाली बोटं दाबलीस, आणि तीही आमची नाही, त्या नव्या पेट्यांच्या कंपनीची.

श्रावणीने जुना धोटा दुसऱ्या नावाने नेटवर पुन्हा मांडला. तेवढा हक्क सगळ्यांना आहे, तिलाही. पण लोक शोधतात ते 'धोटा', आणि धोटा शोधला की पाहुण्याच्या दारात जातात. मालेगावचा एक कारखानदार मला म्हणाला, "तुमचं ते डुप्लिकेट आम्ही नाही वापरत." अंबादासच्या लेकीचं काम डुप्लिकेट!

तेव्हा आम्ही ठरवलं की नेटवरच्या ज्या कंपनीच्या जागेवर धोटा ठेवलेला आहे, तिच्याकडे दाद मागायची: नाव आणि जागा अंबादासच्या घरच्यांना परत द्या. श्रावणीने इंग्रजीत अर्ज केला. त्यांचं उत्तर आलं. आमच्या नोंदीप्रमाणे प्रकल्पाचं हस्तांतरण मूळ मालकाने स्वतःच्या खात्यातून, मोबाइलवरच्या आकड्यांनी ओळख पटवून केलेलं आहे. मूळ मालकाच्या इच्छेत आम्ही हस्तक्षेप करत नाही.

मूळ मालकाच्या इच्छेत! श्रावणीने ते दोनदा वाचून दाखवलं. तारीख दहाव्याची होती.

"पप्पा तर गेले होते," ती म्हणाली.

आता मृत्यूचा दाखला जोडून खरं काय घडलं ते लिहायचं, एवढंच राहिलं होतं. पण अण्णा आडवे आले. "म्हणजे काय लिहिणार? मेलेल्या माणसाच्या फोनवरून त्याच्या बायकोने आकडे दिले म्हणून? उद्या पोलिस पद्मालाच विचारतील. घराण्याची अब्रू जाईल. आणि शब्द मी मानला, मला जगासमोर मूर्ख ठरवणार का?"

अण्णांचा धाकटा भाऊ गेला, आणि ज्याचे हात त्यांनी डोळ्यांना लावले तो असा निघाला. श्रावणी आईकडे बघत होती. घाबरली होती. तेलुगूतले आकडे मराठीत तिनेच केले होते.

पद्मावहिनी शेंगा निवडत होत्या. सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "बावगारू, आकडे मीच वाचले. चष्मा लावून वाचले. मला वाटलं ह्यांचं काम पुढं चालंल. खोटं काय हाय त्यात? श्रावणी, माझं नाव घालून लिही."

बावगारू म्हणजे तेलुगूत थोरले दीर. अण्णा उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले, "माझंपण नाव घाल. कावळ्याचं लिहू नको, तिकडच्यांना कळणार न्हाई."

अर्ज आषाढात गेला. कंपनीने कळवलं आहे की प्रकरण तपासात आहे आणि सध्याच्या चालकाकडे खुलासा मागवला आहे. सध्याचा चालक म्हणजे पाहुणा. त्याने खुलासा दिलेला नाही. माझे फोन घेत नाही. श्रावणीला एकदा मेसेज केला, 'आपण सामोपचाराने बोलू,' आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. इरफानभाईंच्या शेडमध्ये माझ्या पेनड्राइव्हवर माग चालू आहेत, पण तो प्रोग्रॅम दिवसेंदिवस जुना होतोय, आणि एखादी पेटी अडली तर विचारायला अंबादास नाही. श्रावणी सुट्टीच्या दिवशी बसून शिकते आहे. वडिलांनी लिहिलेलं वाचताना मध्येच हसते. म्हणते, काका, पप्पांनी आतमध्येपण लोकांना शिव्या लिहून ठेवल्यात.

वर्षश्राद्ध मार्गशीर्षात आहे. पाहुण्या, घाट तोच आहे, लिंब तोच आहे, माणसं तीच असतील. मी टॉवेल आणणार नाही, वरडणारही नाही. तू ये, बूट काढ, आणि जिथे शब्द दिलास तिथे उभा राहून एकाच प्रश्नाचं उत्तर दे. दुसऱ्याचं देऊ नकोस. कंपनीच्या नोंदीत लिहिलंय की त्या दिवशी धोटा अंबादासने स्वतःच्या हाताने तुला दिला. आम्ही तर त्याच सकाळी त्याचे पिंड ठेवून आलो होतो. मग ते बटण कुणाच्या बोटाने दाबलं?